दाबाचा मोजा

“एवढंच?” मोठा भाऊ बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, कानाशी पुटपुटला. “एवढंसं बघायला मला जिना चढायला लावलात?”

तो लिफ्टने आला होता. पण वहिनीने ते काढलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठलं काढायचं आणि कुठलं गिळायचं हे बाईला आपोआप कळतं.

ती पलंगावरच्या पायाकडे बघत होती. नर्स पट्टीचे वेढे सोडत होती तसतसा धाकट्या भावाचा पाय उघडा पडत होता. गुडघ्याच्या आतल्या अंगाला दोन बोटं मावतील एवढी चीर, जांघेपाशी एक टोचा, पोटरीवर आणखी एक. बाकी कातडी शाबूत. रंग तेवढा भलताच होता, शाईची बाटली सांडावी आणि कुणी घाईघाईने फडक्याने पुसून काढावी तसा, निळा-हिरवा.

“शीर इथून काढलीय,” नर्स म्हणाली. जाड चष्म्याची, कामाशी काम ठेवणारी बाई होती. “या चिरेतून नळी आत घातली, नळीच्या टोकाला कॅमेरा. गॅस भरून जागा केली, शीर आजूबाजूच्या मांसातून सोडवली, तिच्या फांद्या आतल्या आत डागून बंद केल्या, आणि अख्खी ओढून घेतली. ती आता यांच्या छातीत आहे, बायपासला तुकडे करून लावलीय.”

“म्हणजे पायाला रफू आणि छातीला ठिगळ,” धाकटा उशीवरून म्हणाला. हसायला गेला आणि छातीवर हात दाबून थांबला.

“हसू नका. खोकायचं झालं तर उशी धरून खोका.” नर्सने घरच्यांकडे तोंड केलं. “आणि हे बाहेरून दिसत नाही म्हणून फसू नका. आत जांघेपासून पोटरीपर्यंत बोगदा आहे, रिकामा. शरीर तिथे रक्त भरतं, पाणी भरतं. म्हणून पाय दाबून ठेवायचा. दाबाचे मोजे देते, दिवसभर घालायचे. बसले की पाय वर. थोडं थोडं चालायचं. एका जागी उभं राहायचं नाही. आणि छातीचं हाड तारेने बांधलंय, तेव्हा उचलणं नाही, ढकलणं नाही.”

“किती दिवस?” आईने विचारलं. आई म्हणजे दोघांची आई.

“दीड महिना तरी.”

आईने मोठ्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने खिडकीबाहेर.

“मोजे रोज धुवा. हाताने, कोमट पाण्यात. पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. इस्त्री तर अजिबात नाही.”

“सिस्टर,” मोठा म्हणाला, “आमची लॉण्ड्री आहे.”

“मग बरंच आहे. तुम्हाला सांगायला नको.”

“मग सांगितलंत कशाला?”

नर्स त्याच्याकडे बघत राहिली. त्या खोलीत खुर्ची एकच होती आणि त्यावर मोठा बसला होता. बायका उभ्या होत्या. नर्सने विचारलं, “तुमची तब्येत ठीक आहे ना?” आणि मोठ्याने, इतका वेळ याचीच वाट बघत असल्यासारखं, पँटची बाजू गुडघ्यापर्यंत वर ओढली.

त्या पायावरचा व्रण घोट्याच्या हाडापासून निघायचा आणि पँटीत शिरून जांघेपर्यंत जायचा. पांढरट, जाड, दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या खुणा. दहा वर्षांपूर्वी मोठ्याची बायपास झाली तेव्हा त्या इस्पितळात शीर काढायची म्हणजे पाय सरळ उसवायचे.

“आम्ही असं सोसलंय,” मोठा म्हणाला.

“हो, पूर्वी असंच करायचे,” नर्स म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली. मोठ्याची पँट थोडा वेळ तशीच वर राहिली.

लॉण्ड्री खाली आणि घर वर, असा त्यांचा संसार. माणसं चार. आई, मोठा, मोठ्याची बायको आणि धाकटा. मोठ्याच्या बायकोला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. पोरंबाळं नाहीत. धाकट्याचं लग्न नाही. तसं ते ठरत आलं होतं, पण त्याच वर्षी मोठ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून लग्न पुढे ढकललं. मग आणखी थोडं पुढे ढकललं. असं ढकलता ढकलता ते इतकं लांब गेलं की दिसेनासं झालं आणि त्याच्याविषयी बोलायचं कुणाला सुचेना.

ऑपरेशनच्या आधी मोठा इस्त्रीच्या टेबलावर होता, आणि त्याच्यासारखा हात सगळ्या भागात नव्हता हे कबूल केलं पाहिजे. घडी घातली की तिच्या कडेवरून तो अंगठ्याचं नख सर्रकन ओढायचा. त्याने कापडावर एक बारीक चकचकीत रेघ उमटायची. ती रेघ ही त्याची सही. ऑपरेशननंतर तो काउंटरवरच्या खुर्चीत बसला, खाली उशी घेऊन, आणि तिथून उठला नाही. गिऱ्हाईक कपडे ठेवायचं, मोठा पँट वर करून व्रण दाखवायचा, गिऱ्हाईक “अरे बापरे” म्हणायचं, आणि मग मोठा आत हाक मारायचा, “घे रे हे.” आत धाकटा. डाग काढणं धाकट्याकडे, धुलाई धाकट्याकडे, वाफेची मोठी इस्त्री धाकट्याकडे. वहिनी शर्ट करायची, आई बटणं लावायची.

घरात नियम एकच होता, मोठ्याला बोलायचं नाही. हृदयाचं माणूस. एकदा वहिनीने कशावरून तरी आवाज चढवला तर मोठ्याने छातीवर तळवा ठेवला, आणि आईने वहिनीकडे असं पाहिलं की ती हातातली इस्त्रीसुद्धा शर्टावरून उचलायला विसरली. शर्ट जळला. त्याबद्दलही तिलाच ऐकावं लागलं.

आता त्या हृदयाच्या माणसाला वहिनीने काय काय करताना पाहिलं होतं, ते तिचं तिला माहीत. सकाळी तो “डॉक्टरांनी सांगितलंय” म्हणून फिरायला जायचा. एकदा ती बटणं आणायला म्हणून पलीकडच्या रस्त्याला गेली तर मोठा मित्रांच्या घोळक्यात, बाह्या सरसावून, बंद पडलेली मोटार ढकलत होता. चढावर. आणि हसत होता. ती बटणं न घेताच परत फिरली. थोड्या वेळाने तो दुकानाशी आला तेव्हा चांगला ताठ चालत होता. दाराशी आल्यावर धापा टाकायला लागला.

ती बोलली नाही. कोणाला बोलणार? आईला सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, तुझ्या डोळ्यांत खुपतो तो. धाकट्याला सांगायची गरज नव्हती. गॅसचं सिलिंडर एकदा आपोआप वरच्या मजल्यावर पोचलं होतं, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं होतं, तिने त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि तो म्हणाला होता, “चालत आलं वाटतं.” तेवढ्यावर दोघांनी ते मिटवलं.

आणि मग एका दुपारी वाफेच्या इस्त्रीपाशी उभा असताना धाकट्याच्या डाव्या हातातली कॉलर सुटून शर्ट खाली पडला. तो उचलायला वाकला आणि तिथेच बसला. मोठा काउंटरवरून म्हणाला, “झोपा काढायला आलास का?” यावर धाकट्याने काही उत्तर दिलं नाही, तेव्हा कुठे सगळे उठले.

इस्पितळातून घरी आणल्यावर धाकट्याला खिडकीजवळ झोपवलं, पायाखाली दोन उशा. मोजा चढवायचं काम वहिनीकडे आलं. तो मोजा म्हणजे एक प्रकरण होतं. पांढरा, जांघेपर्यंत लांब, आणि असा घट्ट की नुसत्या हाताने उघडत नसे. ती जमिनीवर बसायची, पायाला पावडर लावायची, टाचेपर्यंत मोजा गोळा करायची आणि मग बोटाबोटाने वर सरकवायची. दोघं घामाघूम व्हायची.

“वहिनी, एवढ्यात आपली दहा शर्टं झाली असती.”

“तुम्ही गप्प बसा, भावजी. पाय सैल सोडा.”

“सैलच आहे. तुम्ही त्याच्याशी भांडताय.”

दुखायचं त्याला. गुडघ्यापाशी आलं की तो भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहायचा आणि बोलणं बंद व्हायचं. पण वर चढला की पाय कसा खांबासारखा एकसंध दिसायचा आणि संध्याकाळपर्यंत सूज धरायची नाही. निळा-हिरवा रंग पिवळट होत आला होता. एक मोजा पायात, एक मागच्या दोरीवर. धुवायची वहिनी स्वतः. कोमट पाणी, साबणाचा फेस, हलका दाब, सावली. लॉण्ड्रीतल्या बाईने आपल्या माणसाचं एक कापड मनापासून धुवावं असं क्वचित घडतं.

खाली दुकानाचे हाल होते. मोठा खुर्चीतच होता. कपड्यांचे ढीग त्याच्याभोवती वाढत होते आणि तो ढिगांत बसून गिऱ्हाइकांना “उद्या या” म्हणत होता. वहिनी वर-खाली करून अर्धी झाली होती. पण त्याला ढिगांचा तितका त्रास नव्हता. त्रास वेगळाच होता. येणारा जाणारा विचारायचा, “धाकटे कसे आहेत?” वहिनी इस्त्रीवरून बघत होती. दहा वर्षं ज्या प्रश्नावर मोठ्याचा एकट्याचा हक्क होता तो आता त्याच्या डोक्यावरून वरच्या मजल्याकडे जात होता.

एक दिवस समोरचा केस कापणारा कोट घेऊन आला. मोठ्याने सवयीने पँट वर केली. केस कापणाऱ्याने व्रण नीट निरखून पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, “च् च्. आणि आता बघा, दोन भोकांत काम होतं. तुमचा पाय उगाचच फाडला की हो.”

मोठ्याने पँट खाली सोडली. त्या दिवसात पुन्हा वर केली नाही.

त्याच दुपारी वहिनी वर धाकट्याला भरवत होती. आई समोर बसून शर्टाला बटण लावत होती. खालून तापलेल्या इस्त्रीचा वास आला. वहिनीचा घास हातात राहिला. आई तर इथे समोर आहे, मग खाली इस्त्री कोण फिरवतंय? धाकट्यालाही वास आला असावा. तो पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, “द्या,” आणि बराच वेळ पाणी पीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरचा मोजा दोरीवर नव्हता. खुर्चीच्या हातावर व्यवस्थित घडी घालून ठेवलेला होता. वहिनी जमिनीवर बसली, पावडरचा डबा उघडला, आणि मोजा टाचेवरून सर्रकन गुडघ्यापर्यंत गेला. तिथून जांघेपर्यंत. पावडर हातातच राहिली.

“गेला?” आईने उठून पाहिलं. आईचा चेहरा उजळला. “बघ, सूज उतरली. इतके दिवस पाय सुजलेला होता म्हणून जात नव्हता.”

“मी म्हटलंच होतं,” मोठा दारातून म्हणाला. “दोन भोकांना कसला दीड महिना.”

वहिनी मोज्याकडे बघत होती. पुढच्या बाजूने, मांडीपासून घोट्यापर्यंत, एक बारीक चकचकीत रेघ होती.

ती या घरात नवीन आली तेव्हाची गोष्ट. कुणाच्या तरी पायजम्याच्या कमरेवर तिने तापलेली इस्त्री फिरवली होती. मोठ्याने तो पायजमा दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर ताणला. ताणला तो ताणलेलाच राहिला. “बघा, सूनबाईंनी इलॅस्टिक मारलं. एकदा मेलं की मेलं, ते परत उठत नाही.” काउंटरजवळच्या खिळ्याला तो पायजमा कितीतरी दिवस लटकत ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसायला. आईसुद्धा हसली होती. शेवटी धाकट्याने तो काढला, आत नाडी ओवली आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकला. सांगायचं एवढंच, की त्या घरात आंधळं माणूससुद्धा मोज्याला इस्त्री लावणार नाही. चुकून तर नाहीच.

धाकट्याने हात खाली नेला. मांडीवरच्या रेघेवरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत. तो लॉण्ड्रीतच वाढलेला होता.

“भावजी,” वहिनी म्हणाली.

“छान बसलाय,” धाकटा म्हणाला.

“भावजी, अहो हा...”

“छान बसलाय, वहिनी.” आणि मग दाराकडे बघून, “दादा, तू म्हणालास ते बरोबर आहे. हलकं वाटतंय.”

दुसरा मोजाही लगेच पुढच्या सकाळी तसाच घडी होऊन खुर्चीच्या हातावर आला.

धाकटा खाली उतरला. उतरला म्हणजे त्याला कुणी ओढून नेलं नाही, हे मोठा पुढे सगळ्यांना सांगायचा. मोठ्याने फक्त एवढंच सांगितलं होतं, “उचलू नको, ढकलू नको, नुसता उभा राहा. उभं राहायला काय लागतं?” डागाच्या टेबलाशी उभा राहा, डाग बघ, कुठला कशाने निघेल ते वहिनीला सांग. डोक्याचं काम. आईने तिथे स्टूल ठेवलं होतं, पण डाग बसून दिसत नाहीत, उजेडात कापड धरावं लागतं, आणि एकदा उभं राहिलं की माणूस विसरतो. निदान धाकटा विसरायचा.

वहिनी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून मोज्याच्या आत पायाला आवळायची. दुपारपर्यंत त्या घोट्यापाशी गोळा झालेल्या असायच्या. तिने एकदा नवीन मोजे आणायचं काढलं.

“कशाला?” मोठा म्हणाला. “आहे तो जातोय ना नीट?”

“नीट जातोय म्हणूनच म्हणतेय.”

मोठ्याने तिच्याकडे पाहिलं. खुर्चीतल्या खुर्चीत सावकाश सरकला आणि तळवा छातीवर नेला. घाई नाही, काही नाही. माणूस चष्मा पुसायला रुमाल काढतो तितक्या सहज. आई आतून म्हणाली, “अगं, जाऊ दे ना. त्याला का बोलायला लावतेस?”

वहिनीने शर्ट उलटा केला आणि पाठीवर इस्त्री दाबली.

धाकटा अबोल होत गेला. त्याचे विनोद आधी लहान झाले, मग बंद पडले. जेवताना पाय टेबलाखाली ताठ ठेवायचा. वहिनीने एकदा वाकून पँटीवरून हात लावला तर कापडातून ऊन लागलं. “काय हे?” ती म्हणाली. तो म्हणाला, “वाफेजवळ असतो ना.” वाफेची इस्त्री त्या दिवशी बंद होती.

मग तो दिवस आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटा एक पांढरा ब्लाउज उजेडात धरून उभा होता. आई त्याच्या मागून जाताना थांबली.

“तुझ्या पँटीला काय लागलंय?”

गुडघ्याच्या आतल्या बाजूला करड्या कापडावर तळव्याएवढा डाग होता. ओला. मधे गडद, कडेला पिवळा.

“चहा सांडलास?” आईने चष्मा लावला, वाकली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने कापड चिमटीत धरून नाकाशी नेलं. “चहा नाही. तेलही नाही.”

“रक्त असेल,” मोठा खुर्चीतून म्हणाला.

“रक्त असं पिवळं पसरत नाही.”

“जुनं असलं की पसरतं. गार पाणी लावा आधी. गरम लावू नका, बसेल.”

“गार पाण्याने नाही जायचं हे,” आई म्हणाली. “मीठ लावून बघते.” आणि तिने खरंच मिठाचा डबा घेतला, टेबलावरचा मऊ ब्रश घेतला, आणि उभ्या असलेल्या मुलाच्या पँटीवरचा डाग घासायला खाली बसली. ब्रश पहिल्यांदा लागला तसा धाकट्याच्या हातातून ब्लाउज पडला.

“हलू नको,” आई म्हणाली.

“आई,” धाकटा म्हणाला, “ते आतून येतंय.”

आईचा हात थांबला नाही लगेच. आणखी एकदा फिरला ब्रश. मग थांबला.

वहिनीने शटर ओढलं. मोठा म्हणाला, “दुकान बंद कशाला करतेस, गिऱ्हाईक येईल.” तिने शटर पूर्ण खाली ओढलं.

इस्पितळातल्या या दुसऱ्या खोलीत पट्ट्या बदलायचं टेबल होतं, पडदा होता आणि भिंतीला लागून एक खुर्ची होती. मोठा तिच्यावर बसला. जिना नव्हता, खोली तळमजल्यावरच होती, तरी त्याने दम खाल्ला. नर्स तीच होती, जाड चष्म्याची.

तिने पँट कापली. मोजा नुसता ओढला तर हातात आला. आतल्या चादरीच्या पट्ट्या चिकटल्या होत्या, त्या ओल्या करून सोडवल्या. गुडघ्यावरची छोटीशी चीर ओठांसारखी उघडली होती आणि तिथपासून जांघेपर्यंत, आत जिथून शीर गेली होती त्याच वाटेने, कातडीवर एक लाल पट्टा उठला होता. बाहेरून कधीच न दिसलेला बोगदा आता कुणीही बोटाने दाखवू शकला असता. नर्सने तळव्याने जांघेकडून दाबत आणलं आणि चिरेतून पू आला, घट्ट, थांबून थांबून. धाकटा खिळा शोधत होता. त्या भिंतीला खिळा नव्हता.

एक तरुण डॉक्टर आला, हातमोज्यांच्या दोन बोटांनी इथे-तिथे दाबलं, नर्सला हळू आवाजात काही सांगितलं आणि गेला.

“काय म्हणाले?” आईने विचारलं.

“उघडावं लागणार. आत साचलेलं रक्त कुजलंय. धुऊन काढायचं तर वरून चीर द्यावी लागेल, जिथवर गेलंय तिथवर. जांघेपासून खाली. आणि लगेच शिवता येणार नाही, काही दिवस उघडीच ठेवतील.” नर्सने हात पुसले. “हे तापात आहेत. हे विष छातीपर्यंत पोचू नये म्हणजे मिळवली.”

नर्सने मोजा उचलला. दोन्ही हातांनी ताणला आणि सोडला. तो तसाच लोंबत राहिला. तिने तो उजेडात धरला, जसा धाकटा कपडे धरायचा. रेघ दिसली असावी.

“याला इस्त्री केलीय.”

आईने पदराचा काठ बोटाला गुंडाळायला घेतला. “धुलाईच्या गडबडीत गेला असेल हो. मशीनमध्ये.”

“मशीनमध्ये घडी पडत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्हीच म्हणालात, आमची लॉण्ड्री आहे. कुणी केली?”

पडद्यापलीकडे कुणाची तरी ढकलगाडी गेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

“मी केली,” धाकटा म्हणाला.

“तुम्ही?”

“सवयीने. हात चालतो आपला.”

नर्सने चष्मा कपाळावर सरकवला. “मग आता कुणावर रागवायचं? स्वतःच्या पायाने स्वतःच... तुम्हाला काय वाटलं, आम्ही हौसेने देतो का हे? काय घाई होती उठायची? कोण हाका मारत होतं?” ती बराच वेळ बोलली. धाकटा छतावरच्या दिव्याकडे बघत मान डोलवत होता, शाळेत चूक नसताना उभं केलेल्या मुलासारखा. त्याच्या ओठांना कोरड पडली होती. वहिनीने ओला बोळा ओठांना लावला तर त्याने तो धरून ठेवला आणि डोळ्यांनी तिला सांगितलं, राहू दे.

“म्हणजे जांघेपासून,” मोठा म्हणाला. तो खुर्चीत जरा पुढे झुकला होता. “सगळा उघडणार पाय. माझ्यासारखाच.”

“तुमच्यापेक्षा वाईट,” नर्स म्हणाली. “तुमचा शिवला होता.”

“हं.” मोठ्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते फक्त वहिनीला दिसलं, कारण तीच त्याच्या समोर होती. केस कापणारा आला त्या दिवसापासून त्याच्या कपाळावर बसलेली आठी गेली होती. पार सपाट. “चला. आता कळेल त्याला, सोसणं म्हणजे काय असतं.”

वहिनीने बोळा ताटलीत ठेवला.

“यांनी केली इस्त्री,” ती म्हणाली.

“ए,” मोठा म्हणाला.

“ही रेघ यांच्या नखाची आहे, सिस्टर. आमच्यात अशी रेघ दुसऱ्या कुणाला येत नाही.”

“वहिनी, नको,” धाकटा टेबलावरून म्हणाला.

“अगं, काय बोलतेस?” आईने तिचा दंड धरला. “त्याच्याकडे बघ तरी. त्याचं हृदय...”

मोठ्याचा तळवा छातीवर गेला होता. डोळे अर्धे मिटलेले, श्वास मोठा, तोंड उघडं. खुर्चीतून एका अंगाला झुकत तो उठायला गेल्यासारखं करून परत बसला. नर्स लगबगीने वळली, धाकट्याचा पाय तसाच सोडून, आणि त्याच्या पाठीला हात देऊन खुर्ची मागे सरकवायला लागली, त्याला नीट टेकता यावं म्हणून.

“सोडा त्यांना,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला कपडे तयार आहेत सांगावं तसा तो होता. “खुर्ची नका देऊ. यांना काही झालेलं नाही. हे बरे आहेत, सिस्टर. कधीचेच बरे आहेत.”